डांबराचे पाणी पाजणारा बिशप : जॉर्ज बार्कली

मराठीत डांबर हा शब्द फार उदार आहे. रस्त्यावर ओततात ते खनिज तेलाचे डांबर, दगडी कोळसा भट्टीत तापवल्यावर निथळते तेही डांबर, आणि पाइन जातीच्या झाडांची मुळे व बुंधे मंद आचेवर जाळून जो काळा चिकट रस काढतात त्यालाही आपण डांबरच म्हणतो. तिन्ही काळे, तिन्ही चिकट, तिघांचा वास डोक्यात बसणारा. परंतु तिघांचे गुण वेगळे आणि धोकेही वेगळे. आज ज्यांची हकिकत सांगायची आहे त्या गृहस्थांचा संबंध झाडाच्या डांबराशी आला. ते आयर्लंडमधील एक बिशप होते, युरोपातील नामांकित तत्त्वज्ञ होते, आणि डांबर पाण्यात ढवळून ते पाणी प्यायल्याने माणसाचे बहुतेक सगळे रोग हटतात असे त्यांनी जगाला सांगितले. जगानेही काही वर्षे ते मानले.

त्यांचे नाव जॉर्ज बार्कली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात विद्यापीठासाठी प्रसिद्ध असलेले बर्कली नावाचे शहर आहे, ते याच माणसाच्या नावावरून. अमेरिकन लोक उच्चार बदलतात, एवढेच.

बार्कलींचा जन्म १२ मार्च १६८५ रोजी आयर्लंडच्या दक्षिण भागात, किलकेनी परगण्यातील थॉमस्टाउन गावाजवळ झाला. घराणे मूळचे इंग्लंडचे, धर्म प्रॉटेस्टंट. त्या काळच्या आयर्लंडमध्ये याचा अर्थ काय होता हे थोडक्यात सांगितले पाहिजे. देशातील बहुसंख्य लोक कॅथलिक, आयरिश भाषा बोलणारे, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे. जमीन, कायदा, सरकारी हुद्दे आणि सरकारमान्य चर्च ही सारी मूठभर प्रॉटेस्टंट कुटुंबांच्या हातात. कॅथलिक माणसाला जमीन विकत घेण्याची व मोठ्या पदावर चढण्याची कायद्यानेच बंदी होती. बार्कली जन्माने या वरच्या थरातले. तरीही ते स्वतःला आयरिश समजत.

अकराव्या वर्षी ते किलकेनीच्या शाळेत गेले. गलिव्हरच्या प्रवासाची गोष्ट लिहिणारे जोनाथन स्विफ्ट हेही आधी याच शाळेत शिकून गेले होते. १७०० साली बार्कली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले आणि १७०७ साली तेथेच फेलो झाले. नंतरच्या सहा वर्षांत त्यांनी जे लिहिले त्यावरच तत्त्वज्ञानाच्या इतिहासातील त्यांचे स्थान उभे आहे. डोळ्याला अंतर कसे कळते याविषयीचे पुस्तक १७०९ सालचे, आणि मानवी ज्ञानाच्या मूलतत्त्वांवरचे १७१० सालचे. त्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस होते.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्याला वस्तू कळते ती रंग, स्पर्श, वास, चव, आवाज यांतून. हे सर्व मनाला होणारे अनुभव आहेत. ते बाजूला काढले तर त्यांच्या मागे जड द्रव्य म्हणून आणखी काही उरते, हे कोणी पाहिले? म्हणून वस्तूचे असणे म्हणजे कोणाला तरी तिचा अनुभव येणे. मग खोलीत कोणी नसताना टेबल नाहीसे होते काय? नाही, कारण ईश्वर सदैव सर्व पाहतो आहे. आपल्याकडच्या वेदान्तात दृष्टी आहे म्हणून सृष्टी आहे असे मानणारा एक पक्ष आहे, त्याची येथे आठवण होते. मात्र वेदान्ती जग मायेत ढकलतो, आणि बार्कलींना जग खरे हवे होते; फक्त त्याच्यामागचे जड द्रव्य नको होते. लोकांनी अर्थातच त्यांची थट्टा केली. बार्कली वारल्यानंतर दहा वर्षांनी डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी एका दगडाला जोराने लाथ मारून हे मत खोडल्याचे दाखवले, ती गोष्ट प्रसिद्ध आहे. जड द्रव्य नाकारणाऱ्या या माणसाचे हयातीत सर्वांत जास्त खपलेले पुस्तक डांबरावर असावे, यात दैवाचा विनोद दिसतो.

पुढे त्यांनी फ्रान्स-इटलीचा प्रवास केला. १७१७ साली व्हेसुव्हियसचा ज्वालामुखी धगधगत असता त्यांनी डोंगरावर चढून तो पाहिला. १७२३ साली एक अनपेक्षित गोष्ट घडली. एस्थर व्हॅनहॉमरी नावाच्या बाईंनी मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेचा अर्धा वाटा बार्कलींना दिला. या बाई स्विफ्ट यांच्या निकटच्या स्नेही होत्या. बार्कलींची व त्यांची फारशी ओळखही नव्हती. पुढल्याच वर्षी ते डेरीच्या चर्चचे डीन झाले. पैसा हाती आला, पद मिळाले, आणि त्यांनी एक मोठे स्वप्न मांडले : अटलांटिक महासागरातील बर्म्युडा बेटावर कॉलेज काढायचे, तेथे वसाहतवाल्यांची मुले आणि अमेरिकेतील मूळ रहिवाशांची मुले एकत्र शिकवायची, आणि त्यांतून धर्मोपदेशक तयार करायचे.

स्वप्न उदात्त दिसते. पण कागदपत्र वाचताना बेटावर राहणाऱ्या आपल्यासारख्या वाचकाची भुवई उंचावते. एक तर बर्म्युडा मुख्य भूमीपासून शेकडो मैल दूर. ज्यांची मुले शिकवायची ते लोक तेथे नव्हतेच. आणि ती मुले आणायची कशी? सामोपचाराने मिळाली तर ठीक, नाहीतर शत्रू टोळ्यांची मुले पकडून आणावीत, असेही त्या योजनेत होते. लंडनच्या पार्लमेंटने मदतीला मान्यता दिली, वीस हजार पौंडांचे आश्वासन मिळाले, आणि त्या भरवशावर बार्कली १७२८ साली नवविवाहित पत्नी अॅन यांना घेऊन निघाले. जानेवारी १७२९ मध्ये ते अमेरिकेच्या रोड आयलंड वसाहतीतील न्यूपोर्ट बंदरात उतरले. तेथे शेत घेतले, घर बांधले, त्याला व्हाइटहॉल नाव दिले, आणि पैशाची वाट पाहत बसले. पैसा आला नाही. तो येणार नाही असे पंतप्रधान वॉलपोल यांनी अखेर कळवले. १७३१ साली ते परतले. जाण्यापूर्वी त्यांची तान्ही मुलगी न्यूपोर्टच्या चर्चच्या अंगणात पुरावी लागली.

त्या शेतावर बार्कलींनी गुलाम विकत घेतले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. आपले पूर्वज या बेटावर आले ते गुलामगिरी उठत असताना, मळ्यांवर हात कमी पडू लागले म्हणून. त्यामुळे हा विषय आपल्याला परका नाही. फिलिप, अँथनी आणि अॅग्नेस या तिघांचा बाप्तिस्मा १७३१ साली झाला आणि त्यांना मालकाचेच आडनाव लावले गेले. बाप्तिस्मा दिला तरी गुलाम स्वतंत्र होत नाही, तेव्हा मालकांनी घाबरू नये, असे बार्कलींनी पुढे लंडनच्या एका प्रवचनात सांगितले. शेत त्यांनी येल कॉलेजला दान दिले आणि त्याच्या उत्पन्नातून शिष्यवृत्त्या दिल्या गेल्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने १९७८ साली आपल्या ग्रंथालयाला बार्कलींचे नाव दिले होते. गुलामगिरीच्या याच प्रकरणामुळे २०२३ साली ते काढले, आणि नंतर कवयित्री ईव्हन बोलंड यांचे नाव त्या इमारतीला देण्यात आले.

आता डांबराकडे येऊ. १७३४ साली बार्कली क्लॉइनचे बिशप झाले. क्लॉइन हे दक्षिण आयर्लंडमधील कॉर्क शहराच्या पूर्वेचे लहानसे गाव. एक जुने चर्च, शेजारी एक उंच गोल मनोरा, भोवती शेते, आणि शेतांत दारिद्र्य. पुढची अठरा वर्षे ते येथेच राहिले. अनेक बिशप उत्पन्न घेऊन डब्लिन-लंडनला राहत. बार्कली गावात राहिले. सूत कातण्याची शाळा काढली, अंगावर स्थानिक कापड घातले. आयर्लंड इतका सुपीक असून आयरिश माणूस उपाशी का, या विषयावर त्यांनी एक पुस्तक लिहिले. त्यात विधाने नाहीत, नुसते शेकडो प्रश्न आहेत. अर्थशास्त्राचे अभ्यासक आजही ते वाचतात.

मग १७३९ चा डिसेंबर आला. युरोपभर विलक्षण थंडी पडली. आयर्लंडमध्ये नद्या गोठल्या, गिरण्यांची चाके थांबली, आणि गरिबांचे अन्न असलेला बटाटा मातीतल्या मातीत गोठून सडला. पाठोपाठ कोरडा वसंत, मेलेली गुरे, महाग धान्य. उपासमारीच्या मागून हगवण आणि तापाची साथ आली. १७४१ सालाला आयरिश भाषेत संहाराचे वर्ष असे नाव पडले. तेव्हा आयर्लंडची लोकसंख्या चोवीस लाखांच्या आसपास होती. त्यांपैकी तीन ते चार लाख माणसे मेली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. शंभर वर्षांनंतरचा बटाट्याचा दुष्काळ जगाला ठाऊक आहे, पण लोकसंख्येच्या प्रमाणात हा पहिला दुष्काळ त्याहून कमी नव्हता.

बार्कलींनी काय केले? त्या काळी प्रतिष्ठित माणसे डोक्यावर केसांचा टोप घालून त्यावर पिठाची पूड टाकत. थंडी पडल्यावर बिशप पूड न लावता न्याहारीला आले. गरिबांच्या तोंडचे पीठ डोक्यावर टाकायचे नाही असे त्यांनी घरात ठरवले. दर सोमवारी ते वीस पौंड क्लॉइनच्या गरिबांत वाटायला देत. पण पैशाने हगवण थांबत नव्हती. आसपास वैद्य नव्हता, आणि असता तरी त्याची फी त्या लोकांना परवडली नसती. तेव्हा बिशप स्वतःच औषध देऊ लागले. साथीत त्यांनी राळेची पूड रश्श्यात घालून रोग्यांना दिली आणि अनेकांना गुण आला असे त्यांना वाटले. राळ पाइनच्या झाडाची, आणि डांबरही त्याच झाडाचे. अमेरिकेत असताना, देवीच्या साथीत तेथील लोक डांबर भिजवलेले पाणी पितात, ही माहिती त्यांना मिळाली होती. ती आता त्यांना आठवली.

कृती सोपी होती. एका मोठ्या भांड्यात चार मापे थंड पाणी आणि एक माप डांबर घ्यायचे, लाकडी पळीने चांगले ढवळायचे, झाकून दोन-तीन दिवस ठेवायचे. डांबर तळाशी बसते. वरचे फिकट पिवळसर, निवळ पाणी काढून बाटलीत भरायचे आणि सकाळ-संध्याकाळ रिकाम्या पोटी पेलाभर प्यायचे. डांबर नॉर्वेहून किंवा अमेरिकेहून येई. जहाजांच्या फटी बुजवण्यासाठी ते बंदरोबंदरी विकायला असे आणि स्वस्त असे. बिशपनी ते आधी स्वतः घेतले. बसून वाचन-लेखन करणाऱ्या त्या गृहस्थांना पोटदुखीचा जुना त्रास होता, तो हलका झाला. मग मुलांना दिले, शेजाऱ्यांना दिले, दारात येणाऱ्या कॅथलिक मजुरांना दिले.

१७४४ साली त्यांनी यावर पुस्तक काढले. त्याचे नाव सायरिस, म्हणजे ग्रीक भाषेत साखळी. पुस्तक मोठे विलक्षण आहे. सुरुवातीला डांबर कसे ढवळावे, किती प्यावे. तेथून झाडाच्या रसाकडे, रसातून हवेकडे, हवेतून सूक्ष्म अग्नीकडे, अग्नीतून प्लेटोच्या तत्त्वज्ञानाकडे आणि शेवटी परमेश्वराकडे. तीनशे अडुसष्ट परिच्छेदांची ही साखळी एका टोकाला डांबराच्या पिंपाला आणि दुसऱ्या टोकाला स्वर्गाला बांधलेली. ज्यांना स्वर्गापर्यंत जायचे नव्हते त्यांनी पहिली पाने वाचली आणि डांबर आणायला माणूस पाठवला. त्याच वर्षी सहा आवृत्त्या निघाल्या, परभाषांत भाषांतरे झाली, लंडनमध्ये डांबराच्या पाण्याची वखारच उघडली. औषधाची गुपिते विकून श्रीमंत झालेले वैदू त्या काळी पुष्कळ होते. बार्कलींनी मात्र कृती छापून जगाला फुकट दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

आता हे पाणी कशाकशावर? देवी, रक्ती, दमा, खोकला, अपचन, जखमा, जुने व्रण, ताप, मनाची उदासी. यादी दर आवृत्तीगणिक, दर पत्रागणिक वाढत गेली. वैद्य मंडळी खवळली. एकच औषध सर्व रोगांवर कसे चालेल, असे विचारणाऱ्या पुस्तिका निघाल्या. बार्कलींचे उत्तर तयार होते. हे पाणी निसर्गाच्या जीवनशक्तीलाच बळ देते, आणि शक्ती वाढली की रोग कोणताही असो, तो हटतो. शिवाय यात अपाय काहीच नाही. त्यांचे जुने मित्र थॉमस प्रायर यांनी १७४६ साली बरे झालेल्या माणसांच्या हकिकती गोळा करून पुस्तक काढले. अमक्या गावच्या अमक्याने इतके दिवस पाणी घेतले, आणि तो उठून चालू लागला. असल्या हकिकती मोठ्या मोहक असतात. पाणी पिऊन जे दगावले त्यांच्या हकिकती कोणी पाठवल्या नाहीत, आणि पाणी न पिता जे बरे झाले त्यांना विचारायचे कोणाच्या मनात आले नाही.

माझ्या मते या पाण्याला यश आले त्याची कारणे साधी होती. त्या काळचा वैद्य रक्त काढी, जुलाब देई, पारा पाजी. अशक्त माणसाचे रक्त काढण्यापेक्षा त्याला डांबराचे पाणी पाजणे केव्हाही बरे. निदान रोग्याला आपल्या बळावर उठायला सवड मिळे. पाण्यात उतरे तेही अगदी थोडे. पाइनच्या डांबरात फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतात, त्यांना जंतू मारण्याचा सौम्य गुण आहे, त्यामुळे त्वचेच्या काही विकारांना वरून लावल्यास उपयोग होत असेल. घोड्यांच्या खुरांना हे डांबर अजूनही लावतात. पण देवीला, हगवणीला त्याचा काही इलाज नव्हता. आणि ज्याला अपाय नाही असे बिशप म्हणत, त्याचा एक अपाय होताच : माणूस त्या भरवशावर दुसरे काही शोधत नसे.

याचे उदाहरण रक्ती. लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सुजत, दात पडत, जुन्या जखमा उघडत, माणसे मरत. रक्तीवर डांबराचे पाणी उत्तम असा बिशपचा दावा होता, आणि जहाजावर डांबर तर सदैव असे. पण सायरिस निघाल्यावर तीनच वर्षांनी, मे १७४७ मध्ये, जेम्स लिंड नावाच्या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने सॅलिसबरी जहाजावर रक्ती झालेले बारा खलाशी निवडले. सर्वांना एकाच जागी ठेवले, एकच अन्न दिले, आणि दोघादोघांना वेगवेगळे औषध दिले. कोणाला सायडर, कोणाला शिरका, कोणाला समुद्राचे पाणी, कोणाला पातळ केलेले आम्ल, कोणाला लसणाची चाटणी. आणि दोघांना संत्री व लिंबे. आठवडा संपेपर्यंत लिंबे-संत्री खाणारे दोघे इतके सुधारले की त्यांतला एक कामावर रुजू झाला. लिंडचा ग्रंथ १७५३ साली छापला गेला. बार्कली वारले तेही त्याच साली.

बुद्धीने बार्कली लिंडपेक्षा कमी होते असे कोणी म्हणणार नाही. न्यूटनच्या गणितातील एक कच्ची जागा त्यांनी १७३४ साली अचूक दाखवली होती, आणि ती भरून काढायला गणितज्ञांना पुढे शंभर वर्षे लागली. दुसऱ्याच्या पुराव्यातील भोक त्यांना चटकन दिसे. पण दारात मरणारी माणसे उभी असता, हाती असलेले एकमेव औषध काम करत नसेल हे पाहण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. अशा वेळी आपल्यापैकी कितीजणांत असते? दोन-दोन माणसांचे गट पाडून ज्यांना लिंबे द्यायची नाहीत ते ठरवणे, हे दयाळू माणसाला निष्ठुर वाटते.

बिशप गेल्यावर डांबराचे पाणी हळूहळू मागे पडले, पण ते पूर्ण गेले नाही. डिकन्सची 'ग्रेट एक्सपेक्टेशन्स' ही कादंबरी आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचली असेल. त्यात पिपची बहीण त्या पोराला हेच पाणी बळेबळे पाजते. ती कादंबरी १८६० च्या सुमाराची. तोपर्यंत झाडाच्या डांबराची जागा दुसऱ्या डांबराने घेतली होती.

शहरांतले दिवे पेटवण्यासाठी दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून त्याचा वायू काढू लागले. डब्लिन, कॉर्क, बेलफास्ट या सगळ्या शहरांत असे वायूचे कारखाने होते. वायू नळातून घरोघर जाई, कोक उरे, आणि तळाला घाण वासाचे काळे डांबर साचे. आधी त्याचे काय करावे हेच कळेना. मग रसायनशास्त्रज्ञांनी ते उकळून वेगळे केले, आणि त्यातून खजिना निघाला. १८५६ साली अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने लंडनमध्ये त्यातील द्रव्यापासून जांभळा रंग काढला. १८६५ पासून ग्लासगोचे शल्यवैद्य लिस्टर यांनी त्यातलेच कार्बोलिक आम्ल जखमांवर वापरले आणि शस्त्रक्रियेनंतर कुजून मरणारी माणसे वाचू लागली. कपड्यांच्या पेटीतल्या डांबराच्या गोळ्या, म्हणजे नॅफ्थॅलीन, याच डांबरातून आल्या. कोंड्यावर व सोरायसिसवर थोड्या प्रमाणात कोळशाचे डांबर घातलेले मलम व शाम्पू अजूनही डॉक्टर देतात. बार्कलींनी एका डांबराला जे गुण चिकटवले होते, त्यांतले काही जणू दुसऱ्या डांबरात सापडले.

पण येथेही अपाय काहीच नाही असे म्हणता आले नाही. १७७५ साली लंडनचे डॉक्टर पर्सिव्हल पॉट यांनी दाखवले होते की धुराडी साफ करणाऱ्या मुलांना मोठेपणी एक विशिष्ट कर्करोग होतो, आणि त्याचे कारण अंगाला चिकटणारी काजळी. कोळशाच्या डांबरात राबणाऱ्या मजुरांच्या कातडीवरही तसेच व्रण दिसू लागले. १९१५ साली तोक्योत यामागिवा आणि इचिकावा या दोघांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने चिकाटीने कोळशाचे डांबर चोळले, तेव्हा त्या कानांवर कर्करोग उठला. १९३० नंतरच्या काही वर्षांत लंडनच्या संशोधकांनी त्यातले दोषी द्रव्य, बेन्झोपायरीन, वेगळे काढले. आज कोळशाचे डांबर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत मोडते. औषधात त्याचा अंश, मुदत आणि जागा डॉक्टर ठरवतात ते यासाठीच. नॅफ्थॅलीनच्या गोळ्याही मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. काहींच्या रक्तात एक द्रव्य जन्मतः कमी असते, आणि अशा मुलाने गोळी गिळली किंवा त्या वासाचे कपडे तान्ह्या बाळाला घातले तर रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात. डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकजवळ जुना वायूचा कारखाना होता. तेथे नव्या इमारती उठवण्यापूर्वी डांबराने नासलेली माती खणून हलवावी लागली.

क्लॉइनला परत जाऊ. बार्कलींची शेवटची वर्षे सुखाची नव्हती. १७५१ साली त्यांचा लाडका मुलगा विल्यम वारला. त्याच साली मित्र प्रायरही गेले. मुलगा जॉर्ज ऑक्सफर्डला शिकायला जाणार होता. वडिलांनी ठरवले की आपणही तेथेच राहायचे. १७५२ च्या उन्हाळ्यात प्रकृती खालावलेली असताना ते समुद्र ओलांडून ऑक्सफर्डला आले. १४ जानेवारी १७५३, रविवार. संध्याकाळी घरचे सगळे जमले होते, पत्नी धर्मग्रंथातील भाग वाचून दाखवत होत्या. मुलगी चहाचा पेला घेऊन जवळ गेली तेव्हा वडील गेलेले होते. त्यांच्या मृत्युपत्रात एक अट होती : देह निदान पाच दिवस, वास सुटेपर्यंत, जमिनीवर ठेवावा आणि मगच पुरावा. जिवंतपणी पुरले जाण्याचे भय त्या काळी अनेकांना असे. त्याप्रमाणे करून त्यांना ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये पुरले. क्लॉइनच्या चर्चमध्ये त्यांचा पहुडलेल्या स्थितीतील पुतळा आहे, तो १८९० सालचा.

मृत्यूच्या आदल्या वर्षी त्यांनी आपले किरकोळ लेखन एकत्र करून एक संग्रह काढला होता. त्यात एक लेख नवीन होता. त्याचा विषय डांबराचे पाणी.